सलाम-दुवेच्या आडून शिरलेल्या तेलवाल्यास शिक्षा मिळणेबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक,
सायबर शाखा, बीड.

अर्जदार: मदिनाबी रहमतुल्ला बागवान, फळविक्रेती, रा. केज.

विषय: स्पॅमची चाळणी चकवून घरात घुसणाऱ्या इसमास हुडकून कडक शिक्षा करणेबाबत.
संदर्भ: 'घनदाट केशतेल' या नावाने आलेले ई-मेल.

महोदय,

१. अर्जदाराचे पती रहमतुल्ला यांचे डोके सफाचट असल्याने पहिला मेल घरात कौतुकाने वाचला गेला. मग ते रोजच येऊ लागले. मुलगी नाजिया हिने स्पॅमचे बटण दाखवले. अर्जदार नासकी फळे काढावीत तसे मेल काढू लागली आणि तेल बंद झाले.

२. परंतु सदर इसम बारा गावचे पाणी प्यालेला. त्याने जाहिरातीच्या वर-खाली आमच्या लोकांच्या पत्रातला मायना घातला. सलाम, इकडे खैरियत, आपली खैरियत कळवावी, बुजुर्गांची दुवा. आणि मधे तेल. चाळणीला वाटले, पाहुणेच आले. अर्जदाराने संतापून तसला प्रत्येक मेल स्पॅममध्ये ढकलला. मोबाईल दुकानदार सद्दाम नंतर म्हणाला, "खाला, चाळणी शब्द मोजती, माणूस वळखत न्हाई. सलाम करणारा चोर हाय, हे तुमीच तिला शिकवलं."

३. त्याच सुमारास अंबाजोगाईचे एक निवृत्त हेडमास्तर नातू अबरार याच्यासाठी नाजियाला पाहून गेले होते. रिश्त्याची गोष्ट फोनवर करणे त्यांना हलकेपणाचे वाटते, म्हणून त्यांनी रीतसर मायन्यासह मेल केला. चाळणीने तो गिळला. आम्ही त्यांच्या उत्तराची वाट पाहिली, त्यांनी आमच्या. शेवटी "बागवानांना लई मस्ती आली" असे म्हणून त्यांनी अबरारचे लग्न दुसरीकडे लावले. आता बिरादरीत तेच बोलले जाते आणि नाजियासाठी दारात कोणी येत नाही. मेल नंतर स्पॅममध्ये सापडला. मुलगी सगळ्यांना पसंत आहे, असे त्यात लिहिले आहे.

४. सबब आरोपीस पकडावे. अर्जदार त्यास माफ करणार नाही. कायद्याची शिक्षा झाली की एका बाजारदिवशी त्यास अर्जदाराच्या गाड्याजवळ उभे करावे. तेथे त्याचे डोके भादरून त्याचेच तेल अर्जदार स्वहस्ते चोळील, आणि बागवानांचा यात कसूर नव्हता, हे त्याने घसा फुटेपर्यंत ओरडून सांगावे. त्यास पाणी देऊ नये.

कळ सोसून बसलेली,
मदिनाबी रहमतुल्ला बागवान
केज, दि. १४ जानेवारी २०२५

सोबत:
१. तेलाच्या मेलच्या छापील प्रती.
२. हेडमास्तरांचा मेल. (जोडलेला नाही. नाजिया देत नाही.)