वादीपलीकडे सोडलेले उंदीर

३ जानेवारी
दुक्म शहराच्या अलीकडे, उघड्या माळावर आमचे तंबू लागले. एकदाचा मी लेकीबरोबर ओमान बघतोय! विशाखा इथल्याच अल खौदच्या विद्यापीठात उंदरांचा अभ्यास करते. घरी एकटे बसून काळजीच करत राहाल, त्यापेक्षा चला बाबा, म्हणाली. स्वयंपाक माझ्याकडे. ड्रायव्हर गॅव्हिन वसईचा, गमत्या. म्हणतो, काका, उंदीर बघून माझी बायको खुर्चीवर चढते, तुमची पोरगी त्यांच्यामागे धावते!

४ जानेवारी
संध्याकाळी पत्र्याचे सापळे मांडतात. उजाडल्यावर उंदराचं वजन घ्यायचं, ओळखीसाठी कानाला बारीक खाच पाडायची आणि जिथे पकडला तिथेच सोडायचा. हे शेवटचं विशाखाने मला पुन्हा पुन्हा बजावलं. उंदीर वाळूच्या रंगाचे, टपोऱ्या डोळ्यांचे. खाच पाडताना एक ओरडला. मला जेवण गेलं नाही.

६ जानेवारी
विशाखाला ताप. खाच पाडलेले उंदीर सोडायला माझ्याकडे दिले. आमच्या घरी उंदीर मारत नाहीत, गणपतीचं वाहन. पिंजऱ्यासकट वहाळापलीकडे नेऊन सोडतात, म्हणजे परत येत नाहीत. मीही तेच केलं. इथे कोरड्या नदीला वादी म्हणतात. ती ओलांडून सगळे पलीकडे सोडले. पुन्हा सापडायला नकोत बिचारे. तिला काही बोललो नाही.

८ जानेवारी
राहवेना म्हणून वादीपलीकडे जाऊन आलो. उंदीर भर उन्हात उघड्यावर, नुसते गोल गोल फिरतायत. माझ्या पायांवर चढले. परत आणावे तर कुठला उंदीर कुठे पकडलेला, मला काय ठाऊक? विशाखाला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, त्याचीच भीती वाटली. म्हणाली, बाबा, त्यांना आता आपलं घर कधीच सापडणार नाही.

९ जानेवारी
सकाळी गॅव्हिन तंबूत नाही. चपला इथेच. वादीपलीकडे दिसला, अनवाणी, गोल गोल चालत. उजव्या कानाला ताजी खाच. मला विचारतो, भाऊ, इथे वस्ती कुठे आहे? जवळ गेलो तर पळत सुटला. गाडीची किल्ली त्याच्याच खिशात. फोनला रेंज नाही. पाण्याचा टँकर येईपर्यंत तंबूतून हलायचं नाही, असं विशाखाने ठरवलं.

१० जानेवारी
विशाखा नाही. तिचा हात धरून झोपलो होतो. मुठीत वाळू आहे. बाहेर पावलं उमटलेली नाहीत, ना जातानाची, ना—

१० जानेवारी, दुपार
सापडली. पलीकडेच. कानातून रक्त. माझ्याकडे बघते, पण बाबा म्हणत नाही. ओढत आणतो, वादी ओलांडली की हात सोडवून माघारी वळते. पुन्हा आणतो, पुन्हा— माझ्यात जोर नाही. देवा, चूक माझी, तिला का—
इथेच बसतो तिच्याजवळ. तिला सोडून कुठे जाऊ?

११
कान ओला लागतोय. दुखत नाही.
पलीकडे तंबू दिसतात. कुणाचे ते—

सकाळ
शेजारी एक मुलगी बसली आहे. चांगली आहे. कानाला लागलंय तिच्या. कुणाची असेल? घरचे काळजी करत असतील. आजोबा, तुमचं गाव कुठलं, विचारते. सांगतो म्हटलं. ओठांवर आहे, पण— लिहिलं म्हणजे आठवेल. माझं गाव