एकशे नऊ किलो

२ फेब्रुवारी, सोमवार

आज ठाण्यात वागळे इस्टेटमधील नव्या नोकरीत रुजू झालो. एकतीस वर्षे पाण्याचे पंप बनवल्यावर आणि नंतरचे तीन महिने घराच्या भिंती पाहिल्यावर, आपल्याला कोणी ‘मोटर विभागाचे प्रमुख’ म्हणावे याचा आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. विभागात मी एकटाच आहे, ही गोष्ट वेगळी.

यंत्र असे आहे : जमिनीला बोल्टने आवळलेले होडीसारखे आसन, पावलांना पट्टे, हातात वल्हे आणि वल्ह्याच्या दोन्ही टोकांना दोर. डोळ्यांवर चष्मा चढवला की नदी दिसते. मोटर दोर ओढून धरते आणि पाण्याचा जोर जाणवतो. घोडबंदर रस्त्यावरच्या उंच इमारतींतील रहिवाशांना अंग न भिजवता नौकानयन करायचे आहे. त्यांच्या क्लबहाउसच्या मंडळींसाठी वीस तारखेला प्रात्यक्षिक आहे. मालक संदेश, वय चौतीस, कोरलेली दाढी. एका तासात ‘एक्स्पीरियन्स’ हा शब्द अकरा वेळा उच्चारतो. मी मोजले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

चष्म्यात दिसणारी नदी करिश्मा नावाची मुलगी बनवते. ती दिव्याला राहते. तिथे दिवसाआड चाळीस मिनिटे पाणी येते. अर्ध्या बादलीत आंघोळ उरकून ही दिवसभर नदी काढत बसते आणि तिला त्यात काहीही विसंगत वाटत नाही. मला ती ‘काका’ म्हणते. कार्यालयात ‘सर’ म्हणावे, असे मी बजावले. ‘बरं काका,’ म्हणाली.

बारीक आणि लठ्ठ, दोघांना मोटरचा जोर सारखाच लागावा अशी संदेशची समजूत होती. वजन वाढले की होडी पाण्यात अधिक रुतते, हे मला त्याला आकृती काढून समजवावे लागले. आसनाखाली वजनकाटा बसवला. मी बसलो, काट्याच्या छोट्या पडद्यावर अडुसष्ट. माझे वजन तेवढेच आहे.

नदी खडवलीची आहे, हे आज कळले. चित्रण गेल्या उन्हाळ्यातले. त्यातली सहलीला आलेली माणसे करिश्माने एकेक करून पुसली. हेमाचे माहेर खडवलीचे. नोव्हेंबरात तिच्या अस्थी मी त्याच घाटावर सोडल्या. गुरुजी एका हाताने मोबाइल सांभाळत मंत्र म्हणत होते. मेहुणी प्रीती माझी बाही धरून सांगत होती, भाऊजी, आता मागे वळून बघायचं नाही हां, ताईचा पाय निघणार नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. वळलो नाही, ते केवळ चारचौघांत तमाशा नको म्हणून.

९ फेब्रुवारी, सोमवार

चाचण्यांची यादी मीच केली, कारण इथे यादी ही वस्तू कोणाला ठाऊक नाही. नदीची मागची बाजू एकदाही तपासलेली नव्हती. ‘काका, पुढे जायचं सोडून मागे कोण बघतं?’ असे मला विचारण्यात आले. हीच ती अर्धवट कामाची वृत्ती. मी चष्मा लावला, दहा वल्ही मारली आणि मान वळवून मागे पाहिले.

घाटाच्या शेवटच्या पायरीवर एक बाई उभी होती.

एक माणूस पुसायचे राहिले, असे मी करिश्माला सुनावले. तिने स्वतः चष्मा लावून पाहिले. पायऱ्या रिकाम्या आहेत, म्हणाली. तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाण्याचा सल्ला दिला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा मागे पाहिले. बाई आता गुडघाभर पाण्यात होती. अंजिरी साडी, पदर पिन न लावता पुढे घेऊन मुठीत धरलेला. तसा पदर मी एकाच व्यक्तीचा पाहिला आहे.

माझा चेहरा पाहून करिश्माने पाणी आणून दिले. मागची बाजू उडवूनच टाकते ना काका, कशाला डोक्याला ताप, असे म्हणाली. मी नकार दिला. अपुरी नदी मी ग्राहकासमोर ठेवणार नाही, असे कारण सांगितले. ते खोटे होते. भिंतीवर हेमाचा फोटो आहे, पण फोटो कोणाची वाट पाहत नाही.

तलावपाळीच्या तळ्यावर गेलो की ती दर वेळी म्हणायची, अहो, एकदा होडीत बसू या ना. मी म्हणायचो, डबक्यात गोल फिरण्यात काय आहे? अठ्ठावीस वर्षे हेच म्हणालो.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज मागे पाहिले नाही. तरीही वल्हे जड लागले. पडद्यावर वजन : एकशे नऊ.

काटा सोडवून पुन्हा बसवला. वीस किलोचे माप ठेवले, वीस. मी बसलो, एकशे नऊ.

एकशे नऊ वजा अडुसष्ट, एक्केचाळीस. रुग्णालयाच्या शेवटच्या कागदावर हेमाचे वजन एक्केचाळीस होते. तो कागद माझ्या कपाटात आहे. इथे कोणी पाहिलेला नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

संदेश बसला; ब्याऐंशी, बरोबर. करिश्मा बसली, बरोबर. मी बसलो, एकशे नऊ. ‘सर, वडापाव बंद करा आता,’ म्हणून संदेश हसत सुटला. मूर्ख.

होडी जड, पण आज वल्हे हलके. माझ्या पाठीमागे कोणीतरी वल्हवते आहे — ठेका चुकतो आहे — तिला कधी येतच नव्हते, मी कधी शिकू दिले —

१९ फेब्रुवारी, दुपारी एक

शिवजयंतीची सुट्टी. कार्यशाळेत कोणी नाही. काटा तपासायला आलो.

नाही. तिला एकदा फिरवून आणायला आलो.

मागे वळलो. हातभर अंतरावर. केस ओले. हसली नाही. फार काळ ताटकळलेल्या माणसाचा चेहरा —

चष्मा काढला आहे. हात लांबवून मोटरचा प्लग उपटला. वही मांडीवर, दोन्ही हात वहीवर.

वल्हे चालूच आहे. डावे. उजवे. डावे.

पायांचे पट्टे सुटत नाहीत. सदरा पाठीला चिकटला आहे — गार —

प्रीती, मी वळलो. तीनदा —

काट्याचा आकडा उतरतो आहे. शंभर. नव्वद. उतरते आहे ती. उतर, हेमा, सावकाश — सत्तर — अडुसष्टवर थांबेल आता —

साठ.

पन्नास —

एक्केचाळीस. थांबला.

काटा चुकत नाही, मी स्वतः बसवला आहे. म्हणजे उतरली ती हेमा नव्हे, उतरला तो —