पांढऱ्या शर्टांचं गो-लाइव्ह

४ मार्च, सोमवार
धंदा सुरू करायचा तर नोंद हवी, म्हणून आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही.
सून टेक्नॉलॉजी कन्सल्टंट आहे. हल्ली घरूनच काम करते. मधली भिंत पातळ, त्यामुळे तिचा सगळा धंदा मला ऐकून ऐकून पाठ झाला. लोकांना विचारायचं, तुम्ही काम कसं करता? ते सांगतात. तेच चौकोन काढून त्यांना परत सांगायचं. माझी आठवी पुरेशी आहे. छापखान्यात मी जन्मभर सल्ले दिले, तेही कोणी मागितले नसताना.

५ मार्च
क्लायंट मिळाला. कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला. सकाळचा मी त्याच्याकडेच असतो. घरात सुनेचे कॉल, खोकायचीही चोरी. दुसरं ठिकाण नाही.
त्याला विचारलं, तू काम कसं करतोस? म्हणाला, काका, रोज समोर बसून बघताय की. म्हटलं, प्रोसेस सांग. म्हणाला, कपडे येतात, धुतो, जातात. तीन चौकोन काढले. आतून त्याची बायको म्हणाली, चौथाही काढा, त्यात फुकट चहा पिणारे घाला. दुर्लक्ष केलं. सून याला रेझिस्टन्स म्हणते.

७ मार्च
दोष सापडला. प्रत्येक कपड्याला तो नंबराची कापडी पट्टी टाचतो. आजोबांच्या काळातली पद्धत. त्यापेक्षा मोबाइलवर कपड्याचा फोटो काढायचा, खाली गिऱ्हाइकाचं नाव. पट्टी नको, टाचणी नको.
लाँड्रीवाला म्हणाला, दोन्ही चालू ठेवू थोडे दिवस. सून कॉलवर सांगत होती, जुनं बंद केल्याशिवाय लोक नवं वापरत नाहीत. तेच त्याला ऐकवलं. तो इस्त्री तापवायला वळला. पटलं असावं.

९ मार्च
सून वैतागलेली. तिच्या क्लायंटने काम पुन्हा पुढे ढकललं. आधी मान्य केलेलं आता आठवत नाही म्हणतात. मला म्हणाली, बाबा, नीट झालं तर त्यांची हुशारी, बिघडलं तर आमची चूक. हिला माणसं हाताळता येत नाहीत. दोन शब्द सांगावे म्हणून खुर्ची ओढली, तोवर तिने कानाला हेडफोन लावले.

११ मार्च, सोमवार
आज गो-लाइव्ह, म्हणजे सुनेच्या भाषेत नवी पद्धत चालू. दुकानातल्या सगळ्या कपड्यांच्या पट्ट्या कापल्या. लाँड्रीवाला म्हणत होता, आधी चार कपड्यांवर करून बघू. मी म्हटलं, धरसोड नको. दुपारपर्यंत फोटो काढून झाले. कंबर गेली, पण समाधान आहे.

१२ मार्च
एक छोटी अडचण. समोरच्या दवाखान्याचे शर्ट पांढरे. हॉटेलच्या वेटरांचे पांढरे. बँकेतल्या लोकांचेही पांढरेच. फोटोत सगळे सख्खे भाऊ. यात सिस्टिमचा दोष नाही. लोकांनी रंगीत कपडे घालावेत.

१३ मार्च
लोकांना जराही धीर नाही. डॉक्टरांना वेटरचा शर्ट गेला, खिशात बाटली उघडायची चावी. एका जाडजूड गृहस्थांना मिळालेल्या शर्टात त्यांचा एक हात गेला. लाँड्रीवाला प्रत्येकाला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होता, यांना विचारा. हॉटेलवाला म्हणाला, उद्यापासून कपडे दुसरीकडे. लाँड्रीवाल्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक.
मागच्या गल्लीने घरी आलो. मोबाइल बंद ठेवला.

१४ मार्च
गेलो नाही. लाँड्रीवाल्याला माझी किंमत कळू दे. दिवसभर घरात. तीनदा खोकलो, तीनदा सुनेने दार लावून घेतलं.
त्याने आता कायमचंच येऊ नका म्हटलं तर सकाळ काढायची कुठे?

१५ मार्च
सुनेला कळलं. लाँड्रीवाल्याच्या बायकोने रस्त्यात गाठलं. मला वाटलं, आता माझी बिनपाण्याने होणार. तिने एवढंच विचारलं, फोटो जमतात का बघायच्या आधीच पट्ट्या काढल्या? म्हटलं, हो.
तिने दुपारचा कॉल रद्द केला आणि दुकानात गेली. गिऱ्हाइकांना फोन करून बोलावलं. कॉलरचं माप, तुटलेलं बटण, शाईचा डाग, ज्याने त्याने आपापलं ओळखलं. हॉटेलवाल्याकडे स्वतः जाऊन आली. तो थांबायला तयार झाला. घरी आली तेव्हा हाताला साबणाचा वास. म्हणाली, कित्येक महिन्यांत एखादं काम सुरू करून संपवलं असं आजच झालं.
विचारलं, आता मी काय करू? म्हणाली, माफी मागा. लाजायचं काय त्यात, मी रोज मागते, पगारच त्याचा आहे.

१६ मार्च, शनिवार
मागितली. लाँड्रीवाला पट्ट्या टाचत होता, वर न बघता म्हणाला, काका, बसा, पण एका अटीवर. या दुकानात तोंडातून सल्ला निघता कामा नये. बायको आतून म्हणाली, लिहून घ्या.
घरी सुनेला सांगितलं. म्हणाली, आमच्या धंद्यातही तोंड बंद ठेवायचा करार असतो, मोठमोठे क्लायंट आधी तोच करून घेतात. म्हणजे माझं पहिलं कॉन्ट्रॅक्ट झालं.

१८ मार्च, सोमवार
करार चहा येईपर्यंत पाळला.