झोपाळा बिघडवला, त्याची हकिगत

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, म्हणून कागदावरच). तुझी पाठ आणि भावोजींचं ऐकण्याचं यंत्र, दोन्ही ठीक चाललंय असं धरून पुढे लिहितो.

माझी नात स्वमग्न आहे, बोलत नाही, हे तुला ठाऊक आहेच. दर गुरुवारी मी तिला केंद्रात नेतो. तिथे अशा मुलांच्या आजी-आजोबांचा गट जमतो. नातवंडं खेळतात, आम्ही म्हातारे एकमेकांना धीर देतो आणि अधूनमधून खुर्च्या उचलतो (याला स्वयंसेवा म्हणतात). तिथल्या झोपाळ्यावर ती अर्धा तास माझ्याशेजारी बसते. एरवी आठवडाभर तिच्या लेखी मी आणि कपाट सारखेच, आणि कपाट निदान उघडतं तरी.

तर हा झोपाळा करकरायचा. चाळीस वर्षं कारखान्यात यंत्रांना गप्प करण्यात घालवलेला माणूस मी, मला राहवेना. गेल्या महिन्यात कुणालाही न विचारता कड्या उतरवल्या, गंज घासला, ग्रीस भरलं. समस्त आज्यांनी कौतुक केलं. नात आली, बसली, एक झोका घेतला, कान देऊन थांबली आणि उतरून थेट टेबलाखाली गेली. पुढचे दोन गुरुवार ती तिथेच. मी शेजारी रिकाम्या झोपाळ्यावर, निवडणुकीत पडलेल्या उमेदवारासारखा. गट चालवणाऱ्या बाई (निवृत्त नर्स, आवाज असा की ताप आपणहून उतरावा) म्हणाल्या, "आजोबा, दुरुस्तीआधी तक्रार कुणाची आहे ते विचारायचं असतं."

मग उलटा उद्योग. ग्रीस रॉकेलने धुतलं, कड्या मिठाच्या पाण्यात भिजवल्या, गच्चीत वाळत घातल्या. सून म्हणाली, "बाबा, चिमटे लावू का?" खराब काम इतकं मन लावून मी उभ्या जन्मात केलं नव्हतं. पण काल झोपाळा वाजला. नात टेबलाखालून निघाली, बसली, आणि माझा हात ओढून तिच्या बाजूच्या साखळीवर ठेवला. अनुभवी माणसाला काही अशक्य नाही, एवढंच सांगायचं होतं.

तुझा धाकटा

ता. क. खरं सांगतो, आवाज जमलेला नाही. आधी करकर होती, आता नुसतं चीं-चीं होतं. तरी ती बसली. का, ते तीच जाणे.

आणखी एक ता. क. तुझ्या नातवाबद्दल डॉक्टर काय म्हणाले, ते भाच्याने फोनवर सांगितलं. तू बोलली नाहीस, म्हणून मीही विचारत नाही. "मुलगे उशिरा बोलतात, मुली लाजतात" असलं सगळं माझंही वर्षभर म्हणून झालंय. गुरुवारी चारला ये, त्यालाही आण. चहाच्या कामाला तुझं नाव लिहून टाकलंय, म्हणजे का आलात असं कुणी विचारणार नाही. चहा तुला कधीच जमला नाही, हे मी तिथे कुणाला सांगितलेलं नाही.