फायलींतलं इंग्रजी

बाबा, आज वर्गात एका बाईंची चूक मी दुरुस्त केली नाही. तुम्हाला हे पटलं नसतं, तुम्ही तर आईच्या किराणा यादीवरही लाल पेन चालवायचात. मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. व्याकरण, वाक्प्रचार, मुलाखतीची तयारी, सगळं. आणि चांगलं शिकवते, हे सांगायला मी मुळीच लाजत नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती तुम्हाला सांगायची राहून गेली आहे.

लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये आपल्या घराचा नियम होता: काही हवं असेल तर इंग्रजीत नोट टाकायची. तुम्ही विदर्भातल्या खेड्यातून दिल्लीला सरकारी कारकून म्हणून आलात, इंग्रजी फायली वाचून वाचून शिकलात, मग घरातही तीच भाषा. सहलीला जायचंय म्हटलं की तुम्ही मान वर न करता म्हणता, "अच्छा, नोट टाक." मी पाठकोऱ्या कागदावर लिहिते, तुम्ही समासात शेरा मारता, कागद दोनदा तरी परत येतो. शिवाय रोज एक नवा वाक्प्रचार, आणि तो जेवताना वापरायचाच, मग जमो न जमो. एकदा आई करपलेली वांग्याची भाजी वाढत असताना तुम्ही गंभीरपणे "पीस ऑफ केक", म्हणजे अगदी सोपं काम, असं म्हणालात, आणि ती पळी हातात धरून तुमच्याकडे बघतच राहिली. सातवीत मी रजेच्या अर्जाखाली इंग्रजीत लिहिलं, 'सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेने'. शाळेतल्या बाईंनी विचारलं, हा अधिकारी कोण? मी म्हटलं, आई. तेव्हा सगळ्यांबरोबर मीही हसले.

कॉलेजातलं हसणं वेगळं होतं. एका मुलीनं वही दिली, तर मी तिला तुमच्या फायलींतल्या थाटात म्हटलं, "आय अ‍ॅम इन रिसीट ऑफ युवर नोटबुक." ते वाक्य मुलींनी मला वर्षभर ऐकवलं. मला तुमच्या इंग्रजीची लाज वाटायला लागली. खरं तर तुमचीच. शेवटच्या वर्षी निरोप समारंभाला पालकांना बोलावलं होतं, प्रत्येकानं दोन शब्द बोलायचे होते. मी तुम्हाला सांगितलं, कार्यक्रम फक्त मुलींचा आहे. तुम्ही "ठीक" म्हणालात आणि पेपरचं पान उलटलंत. दोन वर्षांनी तुम्ही गेलात.

आजच्या बाई पंचावन्नच्या असतील. मुलाचं लग्न ठरलंय, व्याही मंडळी घरातही इंग्रजीच बोलतात. स्वागताचे चार शब्द पाठ करून त्या उभ्या राहिल्या आणि मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "मॅडम, बेटा कहता है, मम्मी, आप बस मुस्कुरा देना." मागून कुणी त्यांचं वाक्य सुधारायला लागलं, त्याला मी हातानंच गप्प केलं आणि बाईंना म्हटलं, पूर्ण बोला. त्या बोलल्या, चुकत चुकत, पण शेवटपर्यंत. मुलाला काय सांगायचं तेही मी त्यांना शिकवलं, चांगल्या खणखणीत इंग्रजीत. निघताना त्यांनी विचारलं, तुम्हाला इंग्रजी कुणी शिकवलं? एरवी मी कॉलेजचं नाव सांगते. आज म्हटलं, माझ्या वडिलांनी.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून एवढंही लिहून टाकते. त्या समारंभात प्रत्येक मुलीशेजारी पालकांसाठी एक खुर्ची ठेवली होती. माझ्या शेजारी कुणी बसायला आलं की मी सांगत होते, बाबा येताहेत.