जाड रेघ

३ मार्च
संचालकांनी बोलावलं. वाटलं, झालं, भरले आपले दिवस! पण काम निघालं. आमच्या मॅनेजमेंट कॉलेजात कुणी किती शोधनिबंध लिहिले, कुणाबरोबर लिहिले, त्याचा नकाशा काढायचा. प्राध्यापक म्हणजे ठिपका, दोघांनी मिळून लिहिलं की मधे रेघ. "ज्यांना रेघच नाही, त्यांचा विचार करावा लागेल," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. म्हणजे नारळच!

६ मार्च
माझ्या ठिपक्याला एकच रेघ — चिमणीची! शेजारच्या टेबलावर बसते, दिवसभर चिवचिव, म्हणून चिमणी. सगळं आम्ही जोडीनंच लिहिलं. आकडेमोड तिची, लिखाण माझं. निम्मा वेळ भांडण.

७ मार्च
चिमणीला दुसऱ्या कॉलेजात नोकरी मिळाली. मला मिठीच मारली. मी "अगं वा!" म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. सोडून जाणाऱ्यांचे ठिपके पुसायचे, असं ठरलंय. म्हणजे ती गेली की मी एकटी. यांचं दुकान बंद पडल्यापासून घर माझ्याच पगारावर. हे विचारतात, "तोंड का उतरलंय गं?" काय सांगू, कपाळ!

१० मार्च
जेवण जात नाही. फोन वाजला तरी दचकते.

११ मार्च
बोलले एकदाची. "तू गेलीस तर माझं काही खरं नाही गं."
तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "एवढंच ना? नाही जात. तिकडे भांडू तरी कुणाशी?" माझ्यासमोरच फोन लावून नकार कळवला. मी तिच्या हातातून फोन काढून घ्यायला हवा होता. नाही घेतला.

१४ मार्च
नकाशा झाला. जितके निबंध जास्त तितकी रेघ जाड — ही अक्कल माझीच. आमची रेघ सगळ्यांत जाड! तरी धाकधूक आहेच.

१८ मार्च
संचालकांनी नेमकं आमच्या रेघेवर बोट ठेवलं. "एकीचाही वेगळा निबंध नाही? म्हणजे एकाच माणसाचं काम दोघी करताय. मग एक पुरे. कोण राहणार, ते आपसात ठरवा आणि सोमवारी सांगा."
खोलीत आले. चिमणी उठूनच उभी राहिली. "काय म्हणाले गं? वाचलो ना आपण?"
मी हो म्हणाले.