मंगलच्या बॅगेतला डबा

३ फेब्रुवारी, मंगळवार

शाळेतून आले तर अक्का ओट्यावर बसलेली. भूमहून दुपारच्या एसटीनं आली, मांडीवर स्टीलचा डबा. तिच्या पूजाला दुबईत मुलगी झाली त्याला महिना होत आला. अक्काचा पासपोर्ट अजून आलेला नाही, म्हणून आमच्या दुबईच्या सहलीवर तिचा डोळा. बाळंतिणीचे लाडू.

"खारीक, मेथी, गोडंबी, समदं घातलंय. खसखस तर हात सैल सोडून घातली. झोप लागती त्येनं पोरीला."

म्हटलं, अक्का, मी मजा करायला चाललेय, पोस्टमन म्हणून नाही. लगेच तिच्या डोळ्यांत पाणी. घेतला डबा.

शुक्र-शनि-रवि एवढीच ट्रिप. मी, मंगल, उषा. डी.एड.पासूनच्या मैत्रिणी, तिघी कळंब तालुक्यातच मास्तरणी. मंगल तर माझ्याच शाळेत, शेजारच्या वर्गावर. वीस वर्षं नुसतं जाऊ जाऊ म्हणत होतो.

४ फेब्रु., बुध.

टूरवाल्याची यादी ग्रुपवर आली, काय काय न्यायचं नाही त्याची. मध्येच कुठंतरी खसखस. दोनदा वाचलं. मग वाटलं, सुटी खसखस म्हणत असतील. लाडू फोडून कोण बघतंय? आणि अक्काला काय तोंड दाखवू?

उषानं अंगठा टाकला. मंगलनं हात जोडले, म्हणजे वाचलेलं नाही. ती असलं काही वाचत नाही. "तू वाचलंस ना, मग झालं" म्हणते.

५ फेब्रु., गुरु. पुणे विमानतळ

सकाळीच जीपनं निघालो. उषा अख्खा रस्ता बडबडत होती.

काउंटरवर माझी बॅग जास्त भरली. भरणारच. ज्वारीचं पीठ, शेंगाचटणी, बाळाची दुपटी, सगळं पूजाचं. काउंटरवरची मुलगी ऐकेना, मागचे लोक कुरकुरायला लागले. उषा कॉफी आणायला गेलेली. मंगल म्हणाली, "आण इकडं. माझ्यात चार कपडे अन् एक स्वेटर, बाकी हवाच हाय." तिथंच फरशीवर बसून तिनं डबा स्वतःच्या हातानं तिच्या बॅगेत ठेवला. सांगायला हवं होतं. ओठांवर आलं होतं. पण मागं रांग होती. (काय पण कारण.)

पुढं तपासणीला मंगलला गळ्यातलं लिंग काढून ट्रेमध्ये ठेवावं लागलं. लहानपणी दीक्षेत मिळालेलं, अंघोळीलाही काढत नाही. ट्रे पलीकडून बाहेर येईपर्यंत डोळे मिटून उभी होती. उषा म्हणाली, "अगं, महादेवाचा एक्स-रे निघाला!" खूप हसलो. मंगल सगळ्यांत जास्त.

६ फेब्रु., शुक्र. दुबई

जमेल तसं लिहिते.

पट्ट्यावर मंगलची बॅग आली तिला लाल खूण केलेली. गणवेशातल्या माणसानं बाजूला बोलावलं. आवाज चढवला नाही, नीट बोलला. बॅग उघडली. डबा काढला. हातमोज्यातच लाडू फोडला. "खसखस?" म्हणाला. त्याला शब्दसुद्धा माहीत होता.

"किसका है ये?"

मंगलनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. उत्तर येत असलेल्या पोराकडं बघतो तसं, वाट बघत. माझं तोंड उघडेना. नोकरी गेलेली दिसली, पोलीस दिसले, सगळं एकदम. मी पर्स उघडून आत बघत राहिले. आत काही शोधायचं नव्हतं.

मंगल म्हणाली, "मेरा है. बॅग मेरा है."

तिला आत नेलं. उषा आणि मी बाकड्यावर. दुपार झाली तेव्हा टूरवाल्याबरोबर बाहेर आली. लाडू तपासायला गेलेत, खसखस अफूच्या बोंडातली म्हणून. रिपोर्ट येईपर्यंत पासपोर्ट त्यांच्याकडं, देश सोडायचा नाही. "चांगले बोलले गं. पाणी दिलं," म्हणाली. हॉटेलवर आल्यावर आधी अंघोळ, मग लिंगपूजा, मग कुठं तोंडात घास. सकाळपासून उपाशी होती.

उषा म्हणाली, "पण मंगल, तुला लाडू आणायचं काय नडलं होतं?"

"आणले बाई." एवढंच.

उषाला माहीत नाही. मला वाटलं होतं मंगल तेव्हा तरी बोलेल. भीती वाटत होती आणि बोलावी असंही वाटत होतं. मला चोराला तेवढंच बरं झालं असतं.

७ फेब्रु., शनि.

"आलोच हाव तर बघू," मंगलच म्हणाली. गेलो. तो उंच मनोरा. वरून सगळं काचेचं, रस्ते एकदम धुतल्यासारखे, आणि शहर संपतं तिथून नुसती वाळू. उषा व्हिडिओ काढत होती. मंगल काचेला कपाळ टेकवून उभी. "हितनं विमानतळ कुठल्या बाजूला येतं गं?"

मी म्हटलं, माहीत नाही.

जेवणानंतर पूजा आली, नवरा आणि बाळाला घेऊन. आल्या आल्या "मावशी, लाडू?" विमानतळावर काढून घेतले, म्हटलं. जावयाचा चेहरा पडला. इथं आठ वर्षं आहे, त्याला कळलं. कुणाच्या बॅगेत होते विचारलं. मंगल म्हणाली माझ्या. तो म्हणाला, "बॅग एकाची, माल दुसऱ्याचा असला अन् ज्याचा त्यानं येऊन लिहून दिलं, तर बॅगवाल्याला सोडतात कधीकधी. सांगता येत नाही."

पूजा माझ्याकडं बघत होती. लाडू तिच्या आईचे, तिला का कळणार नाही? पण मी मावशी. तिनं बाळाचं टोपडं सारखं केलं.

मंगलनं बाळ मांडीवर घेतलं. म्हणाली, "कोण येणार लिहून द्यायला? मीच हाय की."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

संध्याकाळी वाळवंटात नेलं. गाड्या वाळूवर वरखाली. मंगलला उलटी झाली. पाठीवर हात फिरवला तर म्हणते, "केवढा गार हात हाय गं तुझा."

अक्काचा फोन. "खाल्ला का पोरीनं?" खाल्ला. "गोड झालेत का?" झालेत.

८ फेब्रु., रवि.

निघायच्या आधी खोलीत दोघीच होतो. माझ्या साड्यांच्या घड्या मंगल घालत होती. माझ्या! म्हणाली, "मी त्यायला सांगितलंय सासूनं केलते म्हणून. सासू वारली, तिला कोण विचारायला जातंय?" आणि हसली.

म्हटलं, "मंगल, मी आज जाऊन—"

"तू जा. दोघीबी हितं बसल्यावर तिकडं वर्ग कोण बघंल?"

ती जा म्हणाली तेव्हा मला हायसं वाटलं. निदान इथं तरी खरं लिहिते. मी वाक्य पुरं केलं नाही, ते तिनं तोडलं म्हणून नाही. मला ते तोडलेलंच हवं होतं.

पूजा तिला घरी घेऊन गेली. विमानात मधली खुर्ची रिकामी होती, उषानं तिथं पर्स ठेवली. वाटेत एकदाच बोलली. "मंगल एवढी कशी बावळट गं?" मी हो म्हटलं.

९ फेब्रु., सोम.

मंगलचा तिसरीचा वर्ग माझ्या चौथीत आणून बसवला. पोरांची भुणभुण, मंगलबाई कुठं गेल्या, विमानातून पडल्या का. मुख्याध्यापक म्हणाले, "आजारी लिहू का?" लिहा म्हटलं.

मधल्या सुट्टीत मंगलचे मालक आले. महादेवअप्पा. आडतीवर काम करतात, बाजार सोडून कुठं जात नाहीत. फाटकाच्या आत येईनात. मीच गेले.

"बाई, फोनवर नुस्ती हासती ती. तुमी सोबत होता. आमच्या घरी तर लाडू केलेच न्हाईत वो. मग तिनं नेले कुठनं?"

"विचारते तिला," म्हणाले.

विचारते! लाज कशी वाटली नाही मला. अप्पा "व्हय, तेवढं विचारा" म्हणून हात जोडून गेले.

ह्यांना अजून काही सांगितलेलं नाही. जेवण जात नाही, तर हे म्हणतात तिकडचं पाणी बाधलं.

११ फेब्रु., बुध.

मंगलचा फोन. बाळाला तेल लावते, न्हाऊ घालते, पूजाला शेक देते. "तुझी भाची आता माझीच बाळंतीण झाली," म्हणाली. रिपोर्ट नाही. रविवारी शिवरात्र, घरातली पूजा कोण करणार म्हणून जरा रडवेली झाली, मग सावरली. तिसरीची कविता कुठपर्यंत आली विचारलं.

मग म्हणाली, "टूरवाला म्हंतो, त्या यादीत खसखस होती. होती का गं? तू वाचली होतीस ना?"

मी म्हटलं, आता नक्की लक्षात नाही.

पलीकडं बाळ रडत होतं, ते ऐकू येत होतं. मग "बरं" म्हणाली, आणि ठेवला.

वीस वर्षांत तिनं फोन आधी ठेवलेला मला आठवत नाही.

१३ फेब्रु., शुक्र.

सकाळी शाळेची तयारी करत होते, तेवढ्यात अप्पा दारात. चप्पल बाहेर नीट काढून आत आले. रिपोर्ट आलाय, खसखसच निघाली. आता टूरवाला म्हणतो, लाडू कुणी केले, कशासाठी केले, त्याचं घरून इंग्रजीत पत्र पाठवा, तिथं दाखवू. उपयोग होईल, नाही होईल. आज दुपारपर्यंत पाहिजे.

"तुमचं अक्षर चांगलं हाय बाई. तुमीच लिवा."

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. बाळंतिणीसाठी आमच्याकडं असे लाडू करतात. घरगुती औषध आहे. बायको शिक्षिका आहे, कधी कुणाचं वाईट केलं नाही. तिला तिकडचा कायदा माहीत नव्हता. हे वाक्य लिहिताना पेन अडलं. तिला खरंच माहीत नव्हता.

मग "करणाराचं नाव" आलं. मी थांबले. अप्पांना वाटलं ऐकू आलं नाही.

"माझ्या आईचं टाका. मंगल म्हनली तसंच सांगायचं. आई गेली हे लिवू नका. सा वर्सं झाली तिला, पन सुनंसाठी नाव वापरलं म्हनून रागवायची न्हाई ती."

उद्या कुणी तपासलं तर मंगल खोटी पडणार. अप्पा पण. त्यांना एवढंही माहीत नाही की लाडू आईचे नव्हते तर कुणाचे. विचारलंही नाही परत. बायको म्हणते ते खरं, संपलं.

"शुद्ध लिहून देते," म्हणून आत आले. त्यांना चहा दिलाय. कागद समोर आहे, सगळं उतरवून झालं. नावाची जागा तेवढी राहिलीय. तिथं अक्काचं नाव लिहायचं, आणि त्याखाली नेलं कुणी, तर माझं. दोन ओळी. मग हाच कागद वाचून दाखवायचा त्यांना, मराठीत, तोंडावर.

चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बाई, झालं का वो?"